झोक्याची घंटा

कन्हेरी, श्रावणातला शुक्रवार, १९५६

आज झोका सोडायचाच, असं ठरवून शाळेत गेलो होतो. नागपंचमीला पटांगणातल्या लिंबाला बांधलेला. परवा त्याची फळी लागून गंगूचं कपाळ फुटलं. तिचे आबा येऊन बजावून गेले, "गुर्जी, दोर कापा, न्हायतर पोरगी घरी ठिवतो." लांब उभे राहा म्हणून मी रोज ओरडतो. ऐकतं कोण?

बालवर्गाच्या नव्या बाईंनी मला थांबवलं. कुठून तरी बैलाच्या गळ्यातली घंटा आणली होती, ती फळीखाली बांधली आणि पोरांना विचारलं, "मारक्या बैलाजवळून कसं जायचं?"

"लांबनं," सगळी म्हणाली.

"मग हा आपल्या शाळेचा मारका बैल. घंटा वाजतेय तोवर लांबून वळसा घालायचा."

एवढंच बोलल्या. दिवसभर एकही पोर झोक्याच्या वाटेत गेलं नाही. मला का सुचलं नाही हे? बैल तर माझ्याही दारात आहेत. बाईंचं डोकं मात्र खरंच चालतं.

शाळा सुटली तेव्हा झोका रिकामाच वाऱ्यावर हलत होता. मी सरळ त्याच्या पुढून निघालो, तर कपाळाला पट्टी बांधलेल्या गंगूनं माझं धोतर धरलं. "लांबनं, गुर्जी. घंटा वाजतीया."

मी निमूट वळसा घातला. तिला न्यायला आलेले आबा बघत उभे होते. दोराचं काही बोलले नाहीत. पोरीचं बोट धरून निघाले आणि घंटा ऐकून तेही लांबून गेले.