तपेल्यावरचं नाव

९ सप्टेंबर
काशीतला पितृपक्ष. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही आणि आमच्या जुन्या भांड्यांच्या संग्रहालयात चिटपाखरू नाही. पंचगंगा घाटाकडे उतरणारी माणसं आमच्या दाराशी थांबतात ती चप्पल सारखी करायला. आज एकजण जिना चढून वर आला. मी उठून उभी राहिले. "माताजी, बाथरूम है?"

मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी शेवटी बोललेच. संग्रहालयाच्या दोन्ही खोल्या यात्रेकरूंना राहायला द्यायच्या. देवदिवाळीपर्यंत लोक येऊ लागले तर ठीक, नाहीतर भांडी पोत्यात. नाना तिथेच बसलेले. इथली मराठी घरं एकेक करून रिकामी झाली तेव्हा दारोदार फिरून याच माणसाने ही भांडी गोळा केली. वय एक्क्याऐंशी, तरी रोज दहाला स्वतः कुलूप उघडतात. मला राहवलं नाही. "मी करते इन्स्टाग्राम," म्हणून बसले. मला कुठे येतं!

११ सप्टें.
मुलीने बंगळूरहून फोनवर शिकवलं. ती दोनदा चिडली, मी तीनदा. पान उघडलं एकदाचं. पहिला फोटो आमटी वाढायच्या ओगराळ्याचा. लाइक सात, त्यातला एक माझाच.
नाना: "वहिनी, फोनमध्ये भांडं बघून कोण येणार?" ह्यांचे मित्र म्हणून ऐकून घेतलं.

१६ सप्टें.
नानांच्या चिठ्ठ्या: 'पितळी परात. कणीक मळण्यासाठी.' 'तपेलं. आमटी, पुरण.' संपलं. हे वाचायला कोण जिने चढेल?
आज परात खिडकीशी नेली तर काठावर अक्षरं दिसली. आपल्या लोकांना भांड्यावर नाव घातल्याशिवाय चैन कुठे पडते! भिंग घेऊन बसले. जवळजवळ सगळ्यांवर नावं आहेत. टाकली पोस्ट: 'चि. सौ. कां. कमल हिस मामाकडून. ही कमल कुणाची कोण?'

१८ सप्टें.
कमल लखनौच्या एका बाईंची आजी निघाली! बाईंनी सहा ओळींत चौदा बदाम पाठवलेत. नवरात्रात येतायत.

२८ सप्टें.
आल्या. जिना चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत, आधी परात. मांडीवर घेऊन हुंदके देऊन रडल्या. "आजी इसी में बैठाकर मला अंघोळ घालायची." मीही रडले. मग हळूच म्हणाल्या, "घेऊन जाऊ का?"
नाना डोळे तपासायला गेले होते. मी हो म्हटलं. व्हिडिओही काढला. फार बरं वाटतंय आज.

२९ सप्टें.
नाना आले, रिकामा कोनाडा पाहिला.
"वहिनी, परात तुमची होती का?"
"नाना, त्यांच्या आजीची..."
"नाव त्यांच्या आजीचं." एवढंच बोलले. खाली पडलेली चिठ्ठी उचलली आणि रिकाम्या कोनाड्यात परत लावली. संध्याकाळी कुलूप लावून माझ्यासाठी न थांबता निघून गेले. मी विचारायला हवं होतं, कबूल. पण एवढा राग?

३० सप्टें.
व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. मुलगी म्हणते, आई, तू व्हायरल. सकाळपासून फोन नुसता टुणटुणतोय.

८ ऑक्टो.
संग्रहालयात गर्दी. खरंच गर्दी! पुण्याचे, ग्वाल्हेरचे, आपल्याच विश्वविद्यालयातली पोरं. गल्लीत वाट चुकतात म्हणून मी कोपऱ्यावर उभी राहते. पानवालाही आता लोकांना रस्ता सांगतो.
पण येणाऱ्यातले निम्मे हात पुढे करून येतात. ही आत्याची कढई. हे आमचं घंगाळ, काठावर वाचा ना. नाही कसं म्हणू? पहिलीला दिलं, दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने अडवू? या आठवड्यात चार गेली. नाना प्रत्येक वेळी आतल्या खोलीत जातात आणि माणूस गेला की चिठ्ठी नीट करतात.
सेक्रेटरी खूश. "वहिनी, बढिया! खोल्यांचं आता कोणी काढणार नाही. दर रविवारी एक भांडं परत द्यायचा कार्यक्रमच ठेवा."
अहो, मग सोमवारी लोकांना दाखवू काय? हे मनात. तोंडावर हसले. अशी मी.

१४ ऑक्टो.
नागपूरहून मेसेज. सुधीर म्हणून. अगदी सभ्य भाषा. मोठ्या तपेल्यावर 'सौ. इंदिरा वामन' आहे ती त्यांची आजी. घरी तिची दुसरी कोणतीच वस्तू उरली नाही. दोन नोव्हेंबरला येऊ का?
नानांना दाखवलं, या वेळी आधी. त्यांनी फोन हातात धरून दोनदा वाचलं. मग फोन परत दिला.

१५ ऑक्टो.
तपेलं जागेवर नाही! चिठ्ठी आहे, तपेलं नाही. नानाही आले नाहीत. कुलूप मीच उघडलं. आजवर असं कधी झालेलं नाही.

१६ ऑक्टो.
बालाजी घाटावरच्या त्यांच्या खोलीवर गेले. पाय दुखून आले पायऱ्यांनी. तपेलं खाटेशेजारी, त्यावर पंचा झाकलेला. मला पाहून लाजले, चोरी पकडल्यासारखे. मग बोलले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

त्यांची आई, द्वारकाबाई, स्वयंपाकाला जायची. मोहल्ल्यातल्या सगळ्या मराठी घरांत, लग्नामुंजींत. नाना तिच्याबरोबर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून पाढे लिहायचे. इंदिराबाईंकडे अकरा वर्षं. ते लोक नागपूरला निघाले तेव्हा इंदिराबाईंनी स्वतः हे तपेलं दिलं, "द्वारके, हे तुझ्याच हातचं. तू ठेव." कागद नाही, साक्षीदार नाही.
"ती परात, कढई, सगळ्यात आईच रांधायची. तिच्या नावाचं एकही भांडं नाही, वहिनी. आम्हाला कोण नाव घालून देणार? लोक नाव वाचतात आणि घेऊन जातात. त्यांचं चुकलं असं नाही म्हणत मी."

मग त्या चिठ्ठ्या! 'कणीक मळण्यासाठी.' 'आमटी, पुरण.' मी हसले होते त्यांना. घरी येऊन जेवण गेलं नाही. पाच भांडी माझ्या हाताने गेली आणि मी त्याचे व्हिडिओ केले. मला माझीच लाज वाटते.
विचारलं होतं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, "काय सांगायचं, माझी आई तुम्हा सगळ्यांकडे स्वयंपाकाला होती?"

२४ ऑक्टो.
दिवाळी झाली. सुधीररावांना चार वेळा लिहिलं: तपेलं देता येणार नाही. चारदा पुसलं. कारण काय देऊ? नानांची गोष्ट मी कशी सांगू, ती माझी नाही. आणि त्या माणसाने तरी काय वाईट केलंय, आजीचं नावच तर वाचलं. नानांना विचारलं, काय करू? "येऊ दे."

२ नोव्हेंबर
अकराला येणार होते, साडेदहालाच आले. पन्नाशीचे, घामाघूम, गल्ली दोनदा चुकलेले. नाना त्यांच्याही आधी हजर. तपेलं चिंचेने घासून लख्ख केलेलं. स्वतः टेबलावर ठेवलं, नावाची बाजू पाहुण्याकडे. देतायत की काय?

सुधीररावांनी नावावरून बोट फिरवलं. "आजीचा हात लागलाय याला," म्हणाले.
"त्यांचा कमी," नाना म्हणाले. "बसा."
मग माझ्याकडे वळून, "वहिनी, लावा तुमचं ते व्हिडिओचं."
"राहू दे नाना."
"लावा. आणि जवळ धरा, माझा आवाज आता लांब जात नाही. आईचं नाव नीट ऐकू आलं पाहिजे."

मी फोन त्यांच्याजवळ धरला. नाना ताठ बसून बोलले. द्वारकाबाई. कुठल्या घरात चूल, कुठे शेगडी. या तपेल्यात चिंचगुळाची आमटी कशी व्हायची, फोडणी पडली की उंबऱ्याबाहेर पाढे कसे चुकायचे. शेवटच्या दिवशी इंदिराबाई काय म्हणाल्या, तेही. देऊ नका, घेऊ नका, असं काहीच म्हणाले नाहीत.

सुधीरराव खाली मान घालून ऐकत होते. एकदम म्हणाले, "आजी नागपूरला जन्मभर म्हणायची, काशीच्या आमटीची चव इथे येत नाही. आम्हाला वाटायचं, पाण्याचा गुण. गंगेचं पाणी मागवून केली होती हो आमटी, दोनदा. तरी नाही आली." आणि मग, "हे नाव तिने आम्हाला कधीच सांगितलं नाही."

नाना तोंडाला पंचा लावून रडले. मी फोन बंद केला की चालू राहिला, तेही कळलं नाही.

आता दीड वाजलाय. दोघं आतल्या खोलीत आहेत. सुधीरराव एकेक रिकाम्या कोनाड्यातली चिठ्ठी वाचून विचारतायत, यात द्वारकाबाई काय करायच्या, आणि नाना सांगतायत. त्यांची गाडी सहाची आहे. तपेलं अजून टेबलावरच आहे.