हनीफच्या गळ्यातली गाडी

रवि., १४ फेब्रु. १९९९
चष्म्याचं दुकान आज बंद. दुपारी हनीफ (ह.) आला, बाहेरूनच ओरडला, "अन्या, चल." सिटी बसने निमाणी ते नाशिक रोड आणि परत. पुढची सीट, बॉनेटशेजारची. पत्रा इतका तापलेला की पँट करपायची बाकी होती. द्वारका चौक सुटल्यावर ड्रायव्हरने अशी दाबली की कंडक्टर तिकिटं सोडून दांडा धरून उभा राहिला. ह.चे डोळे मिटलेले.
उतरल्यावर स्टॉपवरच आख्खी गाडी तोंडाने काढून दाखवली. सुरू होताना, गिअर टाकताना, ब्रेक मारताना. एक बाई खरंच पिशवी उचलून उठल्या, बस कुठून आली म्हणून बघायला लागल्या.
घरी आल्यावर बायको, सुलभा, म्हणाली, "चाळिशी आली दोघांची. शाळेत असताना ठीक होतं. हनीफभाईंना गाद्या भरायच्या नसतात का?"
असतात ना. रविवारी नसतात.

रवि., २१ नोव्हें. १९९९
मुंबई. फक्त एका बससाठी. ह.चा मामेभाऊ कुर्ल्याला असतो, त्याने सांगितलं होतं की गॅसवर चालणाऱ्या बस आल्यात, आवाज ऐकून वेडे व्हाल.
स्टॉपवर उभे. साध्या डिझेलच्या सोडून दिल्या. रांगेतले लोक बघत होते, ही कसली माणसं. मग आली. उभी असताना काहीच नाही, नुसती घुमत होती. सुटली आणि… काय लिहू. डिझेलची गाडी खोकते. ही खोकत नाही, हंबरते. सरळ वर चढत जाते, आता संपेल म्हणावं तर अजून चढते. हायवेला रिकामा रस्ता, ड्रायव्हर तरणा, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. ह.ने माझा हात धरला तो शेवटच्या स्टॉपपर्यंत सोडला नाही.
त्याच गाडीने परत. परत तिकडे. कंडक्टर म्हणाला, "ओ, तुम्हाला उतरायचंय कुठं?"
ह. म्हणाला, "गाडी जाईल तिथं."
येताना कसारा घाटात म्हणाला, "अन्या, हा आवाज माझ्या गळ्यात बसत नाही रे."

सोम., १० जाने. २०००
शिरखुर्मा खायला ह.कडे. बसला! गॅसचा आवाज बसला.
तोंड बंद ठेवून पोटातून सुरुवात करतो, मग छाती, मग नाक. गिअरला श्वास तोडतो. नसरीन (त्याची मुलगी, पाचेक वर्षांची) मागून सदरा धरून उभी, ती पॅसेंजर. शेवटी तो इतका चढवला की शेजारचे म्हातारे चाचा दारात आले.
शमीमभाभी कपाळाला हात लावून, "अनिलभाई, घर में यही चल रहा है. कुछ भी बोलो तो पहले गिअर डालते हैं, फिर जवाब."
मी इतका हसलो की वाटी सांडली.
गॅसच्या गाड्या नाशिकलाही येणार म्हणे. ह. म्हणतो, आल्या की दुकान विकून ड्रायव्हर होतो.

रवि., २५ ऑग. २००२
ना. रोडला कॉलेजची पोरं भेटली, ह.ला ओळखतात आता. "काका, गॅसवाली काढा ना." काढली. दुसऱ्या गिअरनंतर आवाज फाटला. परत काढली, परत तिथेच.
"कापूस गेलाय घशात," म्हणाला. गाद्यांचं दुकान, कापूस उडतोच. पण गेले दोन-तीन महिने बोलणंही घोगरंच आहे. तंबाखू सोड म्हटलं. "तू चष्मे वीक," म्हणाला.

सोम., १७ फेब्रु. २००३
आज भाभी दुकानात आल्या. एकट्या. कधी येत नाहीत. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांना गिळताना दुखतं, कानात कळ जाते, मला सांगत नाहीत, तुम्ही न्या डॉक्टरकडे.
उद्या नेतो. ऐकला नाही तर ओढून.

सोम., ३ मार्च २००३
कॅन्सर. स्वरयंत्राचा.
डॉ. चांगले आहेत, घाई केली नाही. कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि पेनाने एक तुकडा खोडला. एवढं काढावं लागेल. श्वास पुढे गळ्यातल्या भोकातून. बोलणं नाही.
ह.ने विचारलं, "थोडं पण नाही?"
"नाही."
"कुजबुज?"
डॉ.नी नकाराची मान हलवली.
बाहेर आलो. त्र्यंबक रोडवर समोरून बस गेली, भरलेली, एका बाजूला कललेली. दोघांनीही वर पाहिलं नाही. तो म्हणाला, "नाही करायचं ऑपरेशन."   घरी येऊन सु.ला सांगताना

मंगळ., ११ मार्च २००३
करतोय ऑपरेशन. नसरीनमुळे. भाभींनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "इस को बोल दो, अब्बू को बेटी नहीं चाहिए, आवाज चाहिए."
संध्याकाळी त्याच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. म्हटलं, सगळ्या गाड्या भरून ठेवू, गॅसवाली पण, फाटली तर फाटली.
त्याने टेपचं झाकण उघडलं, बंद केलं. मग म्हणाला, "अन्या, तू घरी बसून तो हनीफ ऐकशील. आणि हा हनीफ समोर बसून काय करेल?"
टेप परत घेऊन आलो. पिशवीतून काढलाच नाही.

गुरु., १३ मार्च २००३
उद्या ऑपरेशन. दुपारभर हॉस्पिटलमध्ये. मला वाटत होतं एकदा तरी गाडी काढेल. नाही काढली.
नसरीनला कॉटवर घेतलं आणि तिचं नाव घेत राहिला. हळू, मोठ्याने, रागावल्यासारखं, लाडाने. ती आधी हसत होती. नंतर "हां अब्बू, हां अब्बू" करत रडायला लागली. भाभींनाही नावाने हाक मारली, सगळ्यांसमोर. त्या बाहेर निघून गेल्या.
मी निघालो तेव्हा म्हणाला, "चल." रविवारी म्हणतो तसंच.
रिक्षा केली नाही. चालत आलो. शालिमारला फुटपाथवर बसून रडलो. एक पोलीस विचारून गेला, काय झालं. काय सांगणार, माझा मित्र उद्यापासून

रवि., ६ एप्रिल २००३
घरी सोडलं ह.ला. गळ्याला पांढरं फडकं, आत भोक. श्वास घेतला की फडकं आत-बाहेर होतं. पाटी दिलीय, लिहीत नाही. बोटाने दाखवतो. पाणी. पंखा. जा.
मला "जा" दाखवलं. थकला असेल.

शुक्र., २० जून २००३
रेडिएशनचे शेक संपले. वजन निम्मं वाटतं. गळ्याला लावून बोलायचं एक मशीन मिळतं, डॉ.नी वापरून बघायला दिलं. ह.ने लावलं, "शमीम" म्हणाला. लोखंडाच्या पिंपातून कुणी बोलावं तसा आवाज. नसरीन घाबरून भाभींच्या मागे. त्याने मशीन डब्यात ठेवलं, डबा कपाटावर, कपाट बंद.

रवि., ७ सप्टें. २००३
आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं, पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.
कल्पना त्याचीच. काल दुकानात आला, हाताने स्टीअरिंग केलं, बोट मुंबईच्या दिशेने. मला इतका आनंद झाला की सु.ने लगेच दशम्या बांधून दिल्या.
मुंबईत गॅसच्या गाड्या आता खूप झाल्यात, थांबावं लागलं नाही. तीच पुढची सीट. हायवे लागला. गाडी उठली, तशीच, हंबरत. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, मुद्दाम. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो. पण शेजारी काहीतरी फुस्स्‌ झालं म्हणून पाहिलं. ह.चं तोंड उघडं. मान वर, डोळे मिटलेले. गाडीबरोबर तो चढवत होता. पूर्ण जोर लावून. आणि आवाज नाही, नुसती हवा, गळ्यातून. फडकं उडून बाजूला झालेलं. गिअर पडला तेव्हा बरोबर तिथेच त्याने श्वास तोडला.
समोर आईच्या मांडीवर एक लहान मूल होतं. ते हसलं. मग त्याने ते भोक पाहिलं आणि किंचाळलं. आईने त्याचं तोंड पदराखाली घेतलं आणि जागा बदलली.
ह.ने डोळे उघडले. फडकं नीट केलं. पुढच्या स्टॉपला उतरला. मी मागे धावलो. "ह., अरे लहान पोर आहे ते, त्याला काय कळतं."
त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. रागाने नाही. नुसता ठेवला.
नाशिकपर्यंत एकमेकांकडे पाहिलं नाही. दशम्या तशाच परत आणल्या. 

मंगळ., २० जाने. २००४
ह. मालेगावला गेला. कायमचा. थोरल्या भावाचे तिथे यंत्रमाग आहेत. गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं, ते जमेना.
मला भाभींनी आदल्या दिवशी सांगितलं. स्टँडवर गेलो. नसरीन खिडकीतून हात हलवत होती. तो पलीकडच्या सीटवर, पाठ माझ्याकडे. गाडी सुटेपर्यंत वाटत होतं वळेल.
रागावलोय मी. कुणावर ते कळत नाही.

रवि., २५ जुलै २००४
एकटा गेलो निमाणी–ना. रोड. द्वारकेलाच उतरलो.
कॉलेजची ती पोरं आता नोकरीला लागली. त्यातला एक भेटला, "गॅसवाले काका कुठे असतात?" म्हटलं, बाहेरगावी.
भाभींना फोन केला. रिसीव्हर त्याच्या कानाला लावा म्हटलं. लावला असावा. मी बोलत सुटलो, पाऊस, दुकान, सु.ची गुडघेदुखी, नाशिकला गॅसच्या गाड्या येणार येणार म्हणतात ते. तिकडे खटाखट माग. बोलून बोलून थांबलो तर भाभींचा आवाज, "अनिलभाई, वो तो कब के उठ के गए."
येऊ का भेटायला, विचारलं. म्हणाल्या, "अभी मत आओ."

बुध., ४ मे २००५
भाभींचा फोन. त्यांनी स्वतः केला, पहिल्यांदाच. गळ्याच्या उजव्या बाजूला गाठ लागते हाताला. तपासणीला नाशिकला यायचं टाळतोय. भाऊ बोलला, ऐकत नाही. "आप आओ. उन को मत पूछो, बस आओ."
सु. म्हणाली, "जा. आणि बडबड करू नकोस फार."

रवि., ८ मे २००५, मालेगाव
ऊन भयंकर. चांदवडच्या घाटात गाडी तापली, पाणी घालून निघालो.
भाभींनी कारखाना दाखवला, गल्लीच्या टोकाला. गल्लीभर माग, जमीन हादरते. कारखान्याच्या दारात उभा राहिलो. आत इतका आवाज की स्वतःचा विचार ऐकू येईना. आणि मग दिसलं. आत कुणीच बोलत नव्हतं. बोलून उपयोगच नाही. सगळे हातांनी. धागा तुटला, सुताची कांडी आण, चहा सांग, तुझा सासरा कसा आहे. बोटं, भुवया, खांदे. ह. मधोमध उभा. एका मागावरच्या माणसाला त्याने हाताने काहीतरी सांगितलं आणि तो माणूस पोट धरून हसला. ह.पण हसला. तब्येत भरलीय. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्याला हसताना पाहिलं, आणि मी तिथे नव्हतो. म्हणजे होतो, दारात.
वाटलं, जावं परत. इथे बरा आहे हा. गाठीचं काय मग.
तेवढ्यात वीज गेली.
आख्खी गल्ली एकदम बंद. आणि लगेच सगळे बोलायला लागले. गेली का, आज किती तासाची, अरे दार उघड, उकडतंय. सगळे एकाच वेळी. ह.चा हात वर होता, कुणालातरी काही सांगत होता. समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला वळला. ह.ने हात खाली घेतला. मग मी दिसलो.
पळाला नाही. कपाळावरचा घाम पुसला, बाहेर आला, ओट्यावर बसला. मीही बसलो. मध्ये दोन माणसांची जागा. हे तिथेच लिहितोय, कारण बोलायला सुरुवात केली तर थांबणार नाही.
एकदाच बोललो. "गाठ दाखवायला चल. परतीची गाडी आहे तासाभरात. मी सोबत आहे."
ह. जमिनीकडे बघतोय. फडकं आत-बाहेर. घरी भाभींनी त्याची पिशवी भरून ठेवलीय, ते त्याला माहीत असावं. उठून आत मागांकडे जात नाही. माझ्याबरोबर निघतही नाही.
वीज अजून आलेली नाही.