हानाओकासाहेबांची माणसं

क्योतो, ३ मार्च १९५८

चि. फुसाए हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मुळ्याचं लोणचं पोचलं. तब्येत बरी, पण जीव थाऱ्यावर नाही. सध्याच्या सामुराईपटात मी सकाळी धन्यासाठी मरतो आणि जेवणानंतर टोप बदलून, फितूर होऊन, आमच्या नायकाच्या, हानाओकासाहेबांच्या तलवारीने मरतो. दिग्दर्शक ओरडतात, की तोमेकिची, किती वेळ मरतोस, आटप लवकर.

खरी कारस्थानं पडद्यामागेच चालली आहेत. कंपनीचे नवे मालक जाहिरातीत एका तरुण नटाचं नाव साहेबांच्या नावाच्या वर छापणार. म्हणून हानाओकासाहेबांनी आम्हा मरणाऱ्यांना मेकअपच्या खोलीत जमवून विचारलं, की मी कंपनी सोडतोय, माझ्यासोबत कोण? सगळ्यांनी होकार म्हणून चटईवर डोकं टेकलं. मीही टेकलं. आता नोकरी सोडली तर कंपनीची खोलीही जाणार. या वयात मी कुठे जाऊ? पण साहेबांना एकटं तरी कसं सोडू? जावईबापूंना विचारून कळव.

तुझा बाबा


हिमेजी, ७ मार्च

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, हात जोडते, राजीनामा देऊ नका. हे म्हणतात, साहेब गेले तरी त्यांचा बंगला राहील, तुमची खोली मात्र जाईल. मागे साहेबांबरोबर तुम्ही सगळ्यांनी दारू सोडायची शपथ घेतली, तेव्हा खरोखर घरची बाटली फोडणारे तुम्ही एकटेच होतात. आई महिनाभर बोलली नव्हती! आमची टोफूच्या दुकानामागची खोली तुमचीच आहे, पण इथे तुम्ही दोन दिवसांत कंटाळता आणि गिऱ्हाइकांना मरून दाखवता.

पत्र मिळताच धीराचे दोन शब्द लिहा.

आपली फुसाए


क्योतो, १८ मार्च

चि. फुसाए हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी राजीनामा दिला. समारंभाचा काळा अंगरखा घालून, बोचकं घेऊन साहेबांच्या दाराशी गुडघे टेकून बसलो. साहेब न्हाणीघरात होते. त्यांच्या बाईंनी चहा देता देता सांगितलं, की मालकांशी परवाच समेट झाला, नाव वरच राहिलं. तिथेच बसलेले बाकीचे मरणारे हसून लोळले. म्हणाले, अरे येड्या, डोकं तर सगळेच टेकतात, म्हणून खरंच जायचं असतं का?

मग साहेब बाहेर आले. माझे हात धरून इतके सुंदर रडले, की मी नकळत कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं. असा इमानी माणूस आता मिळत नाही, म्हणाले. पण समेट ताजा आहे, तेव्हा मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकणं बरं दिसणार नाही, असंही म्हणाले. महिनाअखेर खोली सोडायची आहे.

एक विचारायचं राहिलं. साहेबांनी ही हकीकत दिग्दर्शकांना सांगितली. पुढच्या चित्रपटात असाच एक म्हातारा सेवक घातला आहे. काम नाटकातल्या एका नामवंत नटाला दिलंय, पण त्याला दाराशी नीट बसता येत नाही म्हणे. दोन दिवस येऊन दाखव, असा साहेबांचा निरोप आहे. जावईबापूंना विचार, जावं का?

मी हो म्हणून बसलोय.

रागावली असलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा बाबा तोमेकिची