खांदा हाडाचा असतो

५ नोव्हेंबर
चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद. जाकिटाचं माप मिळालं. कापड बेतायला घेतलं आणि कात्री खाली ठेवली. छाती चार इंचांनी घटली, एक वेळ समजू शकतो. तिथल्या जेवणाबद्दल तूच लिहितोस. पण खांदा इंचभर कसा कमी झाला? खांदा हाडाचा असतो, राजा. इतकी वर्षं दुकानात काजं करून हेच शिकलास? आई काळजीने अर्धी झाली आहे. खरं काय ते कळव.
तुझे बाबा

२१ नोव्हेंबर
ती. बाबांस,
सा. न. वि. वि. मी ठणठणीत आहे. आईला सांगा, गाल जागेवर आहेत. माप मात्र दिलंय तेच धरा, पाया पडतो. कारण आल्यावर सांगेन. बटणं मोठी लावा, गारठलेल्या बोटांना लहान सापडत नाहीत.
लोभ चालू ठेवा, ओरडा आल्यावर.
तुमचा ढब्या

१४ जानेवारी
ती. काकांस,
सा. न. वि. वि. मी तुमच्या मुलाचा खंदकातला सोबती. तार मिळाली असेल. मंगळवारी सकाळी तो पाणी आणायला निघाला आणि तोफगोळा पडला. त्रास झाला नाही असं लिहायची इथे पद्धतच आहे, पण मी जवळ होतो. खरंच झाला नाही.
जाकीट माझ्या अंगावर आहे. पार्सल आलं तेव्हा म्हणाला, बाबांचं माप चुकलं, मला होत नाही, तू घाल. त्याच्या सामानात तुमचं पत्र सापडलं, तेव्हा उलगडा झाला. मला डुलकी लागली असताना त्याने बुटाच्या नाडीने माझं माप घेतलं असणार. मला घरचं कुणी नाही आणि मागून मी घेतलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. जाकीट परत पाठवू का?
आपला नम्र

२ फेब्रुवारी
चि. मुला,
अनेक आशीर्वाद. पाठवू नकोस. बाबांचं माप चुकलं म्हणे! लबाड. तीस वर्षांत दुकानाची अशी अब्रू कुणी घालवली नव्हती. हे वाचून त्याची आई तारेनंतर पहिल्यांदा हसली, मग खूप रडली. मीही रडलो.
मी त्याचं पुरतं ऐकलं नव्हतं. शिवलं त्याच मापाचं, पण छातीला दोन्ही शिवणींत कापड दाबून ठेवलंय. तो आला की उसवून त्याच्याएवढं करणार होतो. ते अजून आतच आहे. सुट्टी मिळाली की तू घरी ये. ही खाऊ घालेल, जाकीट घट्ट होईल, मी उसवून देईन. खांद्याला हात लावायला नको, तो तुझाच आहे.
वाट पाहणारे,
ढब्याचे बाबा