त्या वर्षी तू काय खाल्लंस

माय, त्या वर्षी तू काय खात होतीस, हे मला गेल्या महिन्यात कळलं. तुला मातीत ठेवून दहा वर्षं होत आली, आणि मला आत्ता कळलं. तेव्हापासून मी हे लिहून काढायचा प्रयत्न करतो आहे. तुला वाचता येत नव्हतं, माझी पत्रं धाकटी बहीण तुला वाचून दाखवायची. तरीही मी प्रत्येक अवघड शब्द आधी पाटीवर लिहून बघतो, बरोबर वाटला की मगच कागदावर उतरवतो. ही पाटी खानावळीची आहे. नांदेडला कॉलेजजवळच्या एका खानावळीत मी आचारी आहे. रोज सकाळी मी तिच्यावर 'आज मटकीची उसळ, ताक, काकडीची कोशिंबीर' असं लिहून दाराशी टांगतो. मालक म्हणतात, "काय लिहून राहिला रे एवढं? पोरं वाचत न्हाईत, वासानं येतात." खरं आहे ते. कॉलेजची पोरं येतात, उसळ बाजूला सारतात, बटाटा मागतात. मी सांगतो, मोड आलेलं खा, अंगाला लागतं. ती हसतात. मीही मग बटाटा वाढतो. मी कोणत्या तोंडानं त्यांना सांगणार, ते पुढे लिहितो.

त्या साली मी लातूरला दहावीत होतो. मुरुडच्या पलीकडच्या आपल्या गावाहून पहिली एस.टी. निघायची, आणि ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला आठ-दहा डबे बांधलेले असायचे. खोल्या करून राहणारी आम्ही पोरं स्टँडवर आधीच उभी. प्रत्येक घरच्या फडक्याची गाठ निराळी, त्यामुळे नाव वाचायची गरज पडत नसे. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा. पत्रं काय, महिन्यातून दोनदा. तुझ्यामाझ्यातलं खरं टपाल म्हणजे हा डबा. धुऊन, पुसून परत आला, म्हणजे पोरगा जेवला. तुला तेवढ्यावर दिवस काढता यायचा.

शास्त्राच्या सरांनी एकदा फळ्यावर समतोल आहाराचा तक्ता काढला. धान्य, डाळ, पालेभाजी, मोडाचं कडधान्य, दूध किंवा ताक, गूळ-शेंगदाणे. एवढं रोज पोटात गेलं तर विद्यार्थी आजारी पडत नाही, असं ते म्हणाले. बाकीच्यांनी तो उतरवून घेतला आणि विसरले. मी पट्टीनं रेघा मारून मोठा तक्ता केला आणि खोलीच्या भिंतीला खळीनं चिकटवला. मला आजारी पडायची फार भीती वाटायची, माय. आजारी पडलो तर नापास, नापास झालो तर गावी, आणि गावी काय होतं ते मला दिसत होतं. विहिरीत चिखलसुद्धा उरला नव्हता. बा जनावरं घेऊन छावणीवर गेला होता, तू आणि धाकटी तलावाच्या दुष्काळी कामावर जात होता. मग मी रोज जेवण झालं की एकेका रकान्यात खूण करायचो, आणि रकाना रिकामा राहिला की माझा जीव अर्धा व्हायचा. माझ्या खोलीतला जोडीदार किल्लारीकडचा. चटणी-भाकरीवर खूश असलेला गडी. तो म्हणायचा, "अरे, तू जेवतोस का पेपर सोडवतोस? ताकाच्या रकान्यात खूण न्हाई आली तर मरतोस का लगेच?"

आमच्याकडे वातीचा स्टोव्ह होता. तू धान्य-मसाला भाजून, दळून दिलेल्या येसराची आमटी मी त्याच्यावर करायचो. येसर आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, मग उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं, म्हणजे गुठळी होत नाही. वरून लसणाची फोडणी. मटकी ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगायचो, आणि फडक्यातून गळणारं पाणी खाली भांड्यात धरून त्यात डबा विसळायचो. कण्या शिजत आल्या की ताक घालायचो. हे सगळं तुझ्याकडून पाहूनच शिकलेलं, आणि आता तुलाच सांगतो आहे. आज खानावळीत यातलं जे काही करतो, ते मोठ्या पातेल्यात करतो, एवढाच फरक.

तक्ता पुरा होत नव्हता म्हणून मी घरी पत्र लिहिलं. मला ते शब्दन् शब्द पाठ आहे. 'रोज एक पालेभाजी पाठवावी. मटकी पाठवावी, मोड मी येथे आणीन. ताक फार आंबट नसावे. गूळ-शेंगदाण्याचा काहीतरी पदार्थ असावा.' त्या साली, त्या गावात, मी हे लिहिलं. आणि तू पाठवलंस. हरभऱ्याची वाळवून ठेवलेली पानं भिजवून केलेली भाजी आली. मूठमूठ मटकी आली. ताक कुठून आणलंस, ते अजून मला माहीत नाही. आणि एक दिवस कागदाच्या पुडीत तपकिरी रंगाची, हाताला भुगा लागणारी गोड वस्तू आली. भाजलेल्या पिठाचा आणि गुळाचा वास. मला वाटलं, तू चुलीवर केलीस. मी गुळाच्या रकान्यात ठसठशीत खूण केली आणि लिहिलं, 'ती गोड वस्तू उत्तम आहे. रोज पाठवावी.' त्यानंतर ती रोज येऊ लागली, फक्त सोमवारी येत नसे. सोमवारचा रकाना मोकळा राहतो, असंही मी एका पत्रात लिहिलं.

माघात लातूरच्या व्यापाऱ्यांनी शिवनाम सप्ताह मांडला. पाऊस यावा म्हणून सात दिवस अखंड भजन. बाजारात मोठा मांडव पडला, चारी खांबांना कर्णे लागले. सकाळपासून कुणीतरी "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का" म्हणत फुंकर मारायचं आणि सगळी गल्ली "येतोय, येतोय" म्हणून ओरडायची. दुपारी शाळांच्या भजनी मंडळांची चुरस असे. मला गळा होता, तो तुझाच. आमच्या शाळेनं मला पुढे बसवलं. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, हे खोटं कशाला बोलू. समोरच्या शाळेनं चाल उंच धरली की आम्ही त्याहून उंच धरायचो, पखवाजवाला घामानं निथळत हसायचा, दुकानदार दुकानं सोडून टाळ्या द्यायला उभे राहायचे. भजन म्हणणाऱ्यांना मांडवातच पंगत. पत्रावळीवर भात, वरण आणि गव्हाची गुळातली खीर, पळीनं नाही, तांब्यानं वाढलेली. जोडीदार माझ्या कानात म्हणाला, "लिही आता तक्त्यात. खीर, एक बादली." तक्ता त्या आठवड्यात कोराच राहिला, आणि मला त्याची काळजीही वाटली नाही.

सकाळी सराव आणि गाडीची वेळ एकच. मी स्टँडवर गेलो नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. कुणी न उचललेला डबा संध्याकाळच्या गाडीनं तसाच परत जातो, हे मला ठाऊक होतं. तो तुझ्या हातात जड लागेल तेव्हा तुला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पाठवू नकोस, असं एक कार्ड टाकायला हवं होतं. तेही टाकलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी पंगतीत बसलो आहे. समोर खीर आहे. जोडीदार मला ढोसतो. मांडवाच्या कडेला तू उभी आहेस, पायांवर कामावरची धूळ, काखेत तोच डबा. कंडक्टरनं तुला इंजिनाच्या झाकणावर बसवून आणलं होतं. मी पानावरून उठलो नाही, तूच वाकून माझ्याजवळ आलीस.

"कशाला आलीस?" मी म्हणालो.

"डबा परत आला बाबा. तीन दिस. वाटलं, अंथरुणाला खिळला असशील."

"इथं जेवण असतंय. रोज खीर असती."

"हाव? गुळाची का साखरेची?"

"गुळाची."

"मग बरं हाय," तू म्हणालीस, आणि माझ्या पानाकडे बघत राहिलीस.

बादली घेऊन वाढणारे एक जाडजूड शेटजी थांबले. "आवो बाई, उभ्या का? पोराच्या शेजारी बसा की. पान वाढतो."

"न्हाई जी. माझी पूजा व्हायची हाय."

त्यांनी हात जोडले आणि पुढे गेले. लिंगपूजा झाल्याशिवाय आपल्यात तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि जिची पूजा व्हायची आहे तिला कुणी आग्रह करत नाही. मग माझं नाव पुकारलं गेलं. तू बांबूला टेकून एक भजन ऐकलंस. दुसरं सुरू झालं तेव्हा बांबूपाशी कुणी नव्हतं.

वैशाखात तू गेलीस. तीन दिवसांच्या तापात. नर्सबाई म्हणाल्या, "ताप काही मोठा नव्हता. अंगात काही उरलंच नव्हतं त्यांच्या." तुला मातीत बसवलं, आणि मी मग शाळेत परत गेलो नाही. भिंतीवरचा तक्ता जोडीदारानं काढून पाठवला होता. तो मी न उघडताच चुलीत घातला.

या वर्षी लातूर जिल्हा झाला. त्या आनंदात तिथं तीन दिवसांचा गाण्याचा उत्सव झाला. आमच्या मालकांना स्वयंपाकाचं काम मिळालं आणि मी दहा वर्षांनी त्या गावात उतरलो. दुपारी कॉलेजच्या पोरापोरींसाठी गाणी होती. नांदेडची आमची पोरं एस.टी. भरून आली होती, शिट्ट्या काय मारत होती, खुर्च्यांवर उभी काय राहत होती! एक जण मला ओरडून म्हणाला, "मामा, आज तरी उसळ नको!" मी त्यांच्यासाठी कणीक तुपात भाजून, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून वड्या केल्या होत्या. उभ्या उभ्या खाता येतात आणि पोटाला धरतात. धाकटी मुरुडहून गाणं ऐकायला आली होती, आता ती दोन लेकरांची आई आहे. मी तिला वडी दिली. तिनं ती नाकाजवळ नेली, तुकडा तोंडात टाकला आणि हसली.

"दादा, ही तर सुकडी केलीस तू."

"कसली सुकडी?"

"कामावर दुपारी वाटायचे की. माणशी मूठभर. मी माझी तिथंच खायची. माय तिची पदराला बांधायची. तुझ्या डब्यासाठी. रविवारी काम बंद, म्हणून सोमवारी तुला नसायची."

मंचावर कुणीतरी तान घेत होतं. मी विचारलं, "मग दुपारी ती काय खायची?"

"मी इचारलं एकदा. म्हणली, माझी पूजा व्हायची हाय. भर उन्हात, खडीच्या ढिगावर! मला आपलं वाटायचं, मायची पूजा लई लांबती." ती पुन्हा हसली, मग हसायची थांबली. "डबा तसाच परत आला तेव्हाबी तिनं उघडू दिला न्हाई. त्याचा हाय म्हणली. आणि तुझ्या चिठ्ठ्या मीच वाचायचे. 'रोज पाठवावी' लिहिलं होतंस ना, ती ओळ गाळावी असं आलं होतं मनात. पण माय म्हणायची, नीट वाच, सगळं वाच." मग तिनं विचारलं, "तुला तरी माहीत होतं का रे, ती जेवत न्हाई ते?"

मी "न्हाई" म्हणालो. सुकडीचं खरंच माहीत नव्हतं. घरी तू काय खातेस, ते मी कधी विचारलं नव्हतं, म्हणून माहीत नव्हतं. धाकटीनं मान हलवली आणि लेकरांसाठी आणखी दोन वड्या मागून घेतल्या.

हा कागद कुठल्या पत्त्यावर पाठवू? एकच पत्ता आहे, धाकटीचा, तीच तुला वाचून दाखवायची. पण तिला पाठवला तर ती सगळं वाचेल, म्हणून तिलाही पाठवणार नाही. तिला मी जे बोललो, ते पुरतं खरं नव्हतं. त्या दिवशी मांडवात तू माझ्यावर वाकलीस तेव्हा तुझ्या कपाळावर विभूतीचे पट्टे होते. घामानं अर्धे पुसलेले, पण होते. सकाळी पूजेला बसल्याशिवाय तू विभूती लावत नव्हतीस. पूजा झालेली होती, आणि तू उपाशी असून नाही म्हणते आहेस, हे मला तिथंच कळलं. शेटजी पुढच्या पानापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. मी हाक मारून त्यांना मागे बोलावलं, आणि माझ्या पानात आणखी खीर घेतली.