पासावरची तारीख

९-४-५६, १९.१५
जंगलातून लाकूड नेण्याच्या पासाचा मी केलेला नवा नमुना रेंजर साहेबांनी मंजूर केला. आधीचा कारकून "आज सांजच्याले" असं लिही, आणि नाक्यावर रोज वाद. आता तारीख, महिना, साल, पुढे चार आकडी वेळ. पलटणीत शिकलो ते कामी आलं. यात खोट काढून दाखवावी कुणी!

१०-४-५६, १८.००
गाडीवान लच्चूभाऊ कुमरे बैलगाडीत सागाच्या बल्ल्या, म्हणजे लांब वासे, भरून वडशाला निघणार. उन्हामुळे रात्री गाडी हाकायची परवानगी आहे. पास लिहिला : ११-४-५६, ०२.०० ते ०६.००. म्हातारा म्हणाला, "कोणत्या रातीचा लिहून राह्यले, बाबूजी?" म्हटलं, आजच्याच, काळजी नको. वाचता येत नाही बिचाऱ्याला.

११-४-५६, ०८.३०
गाडी अडवली! नाकेदार मारोतीने रात्री तीन वाजता पास पाहिला नि म्हणाला, हा उद्याचा. लच्चूभाऊला विचारलं, आज वार कोणता? तो म्हणाला, मंगळवार. झालं. पासाआधी माल हलवला, असा गुन्हा, तोही स्वतःच्या तोंडाने कबूल. बैलजोडी नाक्यावर बांधून ठेवली. शनिवारी चौकशी. गुन्हा ठरला तर गाडी-बैल सरकारजमा.
बारानंतर तारीख बदलते हे या शहाण्यांना कोण सांगणार?

१२-४-५६, दुपारी
सायकल मारत नाक्यावर गेलो. मारोतीला झाडला. तो म्हणाला,
"सूर्य निघाल्याबिगर वार बदलते का जी? तुमची माय मंगळवारचा उपास कवा सोडते?"
बुधवारी, उजाडल्यावर. माझ्याच घरात, लहानपणापासून पाहतोय.
लच्चूभाऊ नदीवरून घागरीने बैलांना पाणी आणत होता. मला म्हणाला, "तुमचा कागद खोटा, का माही रात खोटी?" फार लाज वाटली. ही जोडी गेली तर त्याच्याकडे दुसरं काही नाही.

१३ एप्रिल, शुक्रवार, सकाळी
जबाब लिहून टाकला : नमुना माझा, चूक माझी, गाडीवान निर्दोष. साहेब म्हणाले, "कागद तर बरोबर आहे, मंगळवारची कबुली त्याची. हे दिलंत तर सर्व्हिस बुकात शेरा येईल. परत घ्या." घेतला नाही. नवा नमुनाही सोबत जोडला : "मंगळवारची रात्र, बुधवार उजाडेपर्यंत." हा टिकेल. खात्री आहे.

१४ एप्रिल, शनिवार, सांज
चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, केव्हा निघालास? लच्चूभाऊ, "मंगळवारच्या राती." आधी घोकून घेतलं असतं तर ११ तारीख म्हणाला असता. पण त्याच्या तोंडी खोटं का घालू?
लिहून घेणारा मीच. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले, पुढे कंसात माझ्या हिशेबाची तारीख, ११-४-५६, खाली माझी सही. साहेबांनी वाचलं, कागद वजनाखाली ठेवला. "निकाल सोमवारी."
बैल अजून नाक्यावरच. बाहेर आलो तर लच्चूभाऊ घागर घेऊन उभा.
"सोमवार कोणता, बाबूजी? तुमचा का आमचा?"
म्हटलं, "उजाडल्यावरचा, भाऊ. मी येतो सोबत."