जिन्यात गाठ पडली तर

प्रिय आकांक्षा,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईची तब्येत उत्तम आहे आणि आवाज त्याहून उत्तम. फोन सोडून पत्र का, तर आपल्या घरातला फोन एकट्याचा नसतो हे तुला ठाऊक आहे. मी बोलायला लागलो की तुझी आई स्पीकर लावते, आणि मग निम्म्या वाटूरला आपलं बोलणं ऐकू जातं. म्हणून हे पत्र जालन्याला, तुझ्या मस्तगडच्या मानसोपचाराच्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतो आहे. एस.टी.तून निवृत्त झाल्यापासून इतका वेळ पेन हातात धरलं नव्हतं, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मोसंबी यंदा बरी आहे. शेजारच्या माऊलीने नवी मोटारसायकल घेतली आणि गावभर फिरवून झाली. माझा गुडघा तसाच आहे, म्हणजे तुझी आई लोकांना सांगते तितका वाईट नाही. ती अजून कुरकुरते, की घरासमोरून जालन्याची बस जाते आणि हा माणूस रिक्षाने परतूरला जाऊन रेल्वे पकडतो. बसच्या पायऱ्या उंच असतात, असं मी सांगतो. रेल्वेच्या काय कमी उंच असतात, असं ती विचारते. मग मी पेपर उघडतो.

पण मुख्य बातमी भुजंगची. गेल्या आठवड्यात भुजंग घरी आला. अगं, खरंच आला! चहा घेतला, वर पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली. वर्षभर ज्याने माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं तोच हा माणूस. मी ड्रायव्हर आणि तो कंडक्टर, अशी आमची जोडी सगळ्या डेपोत प्रसिद्ध होती. त्याच्या डबल बेलवरून मला कळायचं की आज स्वारी घरून भांडून आली आहे. असा जोडीदार तुटला तो तुझ्यामुळे, असं मी मनात धरून बसलो होतो. तुला कधी बोललो नाही, पण धरून होतो.

तुला आठवत असेलच. त्याची सून शीतल बाळंतपणानंतर वर्षाच्या आत दर गुरुवारी जालन्याला जाऊ लागली होती. गावात कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणे काडीमोडासाठी वकील गाठलाय. भुजंग माझ्याकडे आला आणि हात धरून म्हणाला, “अप्पाराव, सून तुझ्या पोरीकडंच जाऊन राह्यली असं ऐकलं. काय झालंय तिला, तेवढं विचार ना. बिलकुल कुठं बोलणार न्हाई मी.” मी छाती पुढे काढून म्हणालो, त्यात काय, पोरगी घरची आहे. आणि तुला फोन लावला. तू शांतपणे म्हणालीस, नाना, ती माझ्याकडे येते की येत नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. बापाला हे उत्तर! मी दोनदा विचारलं, आवाज चढवला, भुजंगच्या मैत्रीची आण घातली. तू तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हणालीस. भुजंग समोर बसून ऐकत होता. उठला आणि टोपी घालून निघून गेला.

आणि मला राहून राहून तुझं लहानपण आठवत होतं. तुझ्या पोटात तीळ भिजायचा नाही. मी फाट्यावर भजी खाल्ली की घरात शिरताच आईला पहिली बातमी तू द्यायचीस, तीसुद्धा मिरची किती खाल्ली यासकट. तीच पोर आता ‘येते’ नाही आणि ‘येत नाही’ही नाही, एवढ्यावर अडून बसली, याचा मला राग आला होता. त्याच दिवसांत तुझ्या मावशीला तू म्हणालीस की नात्यातल्या माणसाला मी तपासत नसते, समोरच्या खोलीतल्या शरदचंद्र सरांकडे जा. मावशी फुगली. मी तिची बाजू घेतली. शिकून पोरगी परकी झाली, असं दोघं मिळून बोललो.

मग बदनापूरचं ते लग्न. मांडवात भुजंगचं सगळं घर बसलेलं. मला वाटलं, हीच वेळ आहे जुळवून घ्यायची. मी तुझा दंड धरून तुला शीतलपुढे उभं केलं आणि म्हणालो, ही आमची आकांक्षा, आणि ही भुजंगची सून. तू हात जोडलेस, तिने हात जोडले. पहिल्यांदाच भेटल्यासारखा चेहरा, ना तुझी पापणी हलली ना तिची. मी मनात म्हणालो, चला, लोक उगाच बोलतात, ह्या दोघी तर एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत.

गेल्या आठवड्यात भुजंगबरोबर शीतलही आली होती, कडेवर पोर घेऊन. हसत हसत म्हणाली, “नाना, तुम्ही आमची ओळख करून दिली तवा मला हसू आवरंना. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितल्तं, बाहेर कुठं दिसलात तर मी आधी ओळख दावणार न्हाई. तुम्ही दावली तरच बोलीन. मंग मी दावली न्हाई, तर त्यांनीबी न्हाई.” तिने आपल्या मनाने, आपल्या वेळेला, सासऱ्याला सगळं सांगितलं होतं. काय सांगितलं ते भुजंग मला बोलला नाही. अख्ख्या बसला कोणाच्या पिशवीत काय आहे ते सांगणारा माणूस, पण म्हणाला, तिचं तिनं सांगितलंय, माझ्याजवळच राहू दे. आणि एक गोष्ट मान खाली घालून बोलला. “तवा पोरीनं हो म्हटलं असतं ना अप्पाराव, तर दुसऱ्या दिवशी मी सुनेचं जालन्याला जाणं बंद केलं असतं. आज नातू तिच्या कडेवर दिसला नसता.”

आकांक्षा, ते दोघे गेल्यावर मी ओसरीत बसून विचार करू लागलो. ज्या गावात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते शेजाऱ्याला वासावरून कळतं, तिथून वीसेक कोसांवर अशी एक खोली आहे जिथे गेलेला शब्द बाहेर येत नाही. बापाने दरडावलं तरी येत नाही. आणि त्या खोलीत माझी भजीवाली पोर बसलेली असते. बाप रागावला, त्याचा मित्र तुटला, मावशी फुगली, आणि तू सगळं सोसलंस, बचावाचा एक शब्द न काढता. कारण तो शब्दसुद्धा तुझा नव्हता, शीतलचा होता. मला तुझा फार मोठा अभिमान वाटला, आणि खरं सांगू, थोडी भीतीही वाटली. एवढी मोठी तू कधी झालीस? मी तर लहानपणापासून तुला बघत होतो.

आता पत्राचं खरं कारण. माझा गुडघा ठणठणीत आहे. मला बसमध्ये चढता येत नाही, पोरी. जिचं स्टिअरिंग आयुष्यभर हातात होतं तिच्या पायरीवर पाय ठेवला की छाती धडधडते, तळहात भिजतात आणि दाराचा दांडा सुटतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षापासून हे असंच आहे, आणि ते तुझ्या आईलासुद्धा ठाऊक नाही. त्याचं कारण मी इथे लिहिणार नाही. तू लेक आहेस, तेव्हा ते तुझ्यासमोर मांडायचं नाही, एवढं आता मलाही कळतं. मला शरदचंद्र सरांचा नंबर पाठव. वेळ माझी मी ठरवीन, तू मध्ये पडू नकोस. तुझी आई फोन करून विचारील, नाना जालन्याला कशाला येऊन राह्यले? तिला तेच उत्तर दे जे मला दिलं होतंस. आणि कधी दवाखान्याच्या जिन्यात आपली गाठ पडली, तर तू आधी ओळख दाखवू नकोस. शीतलला दिलास तेवढाच मान मलाही दे. मी खाली बघून वर चढून जाईन, आणि परत उतरताना, जमलं तर, ओळख मी देईन.

तुझाच,
नाना